गव्हातलं तण: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की फोनवर गव्हाच्या वावराचे फोटो यायला लागतात, चोपड्याकडून, अमळनेरहून, साक्री-शिरपूरकडून, शहाद्याहून, आणि फोटोखाली एकच ओळ, "भाऊ काय मारू". फोटो अर्धा वेळ धूसर असतो आणि गहू किती दिवसांचा ते कोणीच लिहीत नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून ठेवलेत. घाई असेल तर ५ आणि ९ एवढे तरी वाचाच.

१. तणाने खरंच एवढा फरक पडतो का? गहू तर दाट असतो, दाबून टाकेल ना?

दाबतो, पण आधी वर आला तर. पेरणीपासून पहिले ३०-४० दिवस गहू लहान असतो, फुटवे धरत असतो, आणि चाकवत तोवर त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. युरिया तुम्ही गव्हाला टाकता, खातं दोघं मिळून. नंतर पंचेचाळीस दिवसांनी तुम्ही वावर आरशासारखं स्वच्छ केलं तरी जे फुटवे आलेच नाहीत ते परत येत नाहीत. त्यामुळे कोणतं औषध यापेक्षा कितव्या दिवशी हा प्रश्न मोठा आहे, आणि लोक नेमका तोच विचारत नाहीत.

२. आपल्याकडे कोणती तणं येतात, आणि ओळखायची कशी?

रुंद पानाची जास्त. चाकवत, चंदनबटवा, गाजर गवत, रानमेथीसारखी सेंजी, चांदवेल (ती पांढरट-गुलाबी फुलांची वेल, गव्हाला पीळ घालते आणि कापताना विळ्यात गुंतते), खरीपाचा मागे राहिलेला केना आणि माठ. अरुंद पानाची म्हणजे हरळी आणि लव्हाळा, त्यांचं वेगळं प्रकरण आहे, प्रश्न १३ बघा.

गुल्लीदंडा आणि जंगली ओट ही मुळात पंजाब-हरियाणाची डोकेदुखी, आपल्याकडे तेवढी नाही, पण बाहेरून आणलेल्या बियाण्यात येऊ शकतात. लहानपणी दोन्ही हुबेहूब गव्हासारखी दिसतात. एक रोप उपटून हातात घ्या. जिथे पान खोडाला चिकटतं तिथे गव्हाला दोन बारीक नख्यांसारखे कान असतात, खोडाला मिठी मारलेले, त्यावर बारीक केस. जंगली ओटला ते कान नसतात. गुल्लीदंड्याचा बुंधा जमिनीलगत लालसर-गुलाबी दिसतो. हे एकदा डोळ्यात बसलं की फोटो पाठवायची गरज नाही.

३. पेरणीच्या आधी काही करता येतं का?

सगळ्यात स्वस्त काम तेच आहे आणि सगळ्यात कमी लोक तेच करतात. मूग, उडीद किंवा सोयाबीन निघालं की रान ओलवून घ्या, आठ-दहा दिवस थांबा, वरच्या थरातलं तण उगवून येतं, मग वखराची पाळी मारून ते मोडा आणि त्याच वापशावर (पाणी मुरून पाय रुतणार नाही एवढीच राहिलेली ओल) पेरा. एक लाट तुम्ही गहू पेरायच्या आधीच संपवली. वेळेवरची बागायती पेरणी १ ते १५ नोव्हेंबर, त्यामुळे हे ऑक्टोबरातच धरावं लागतं. कापूस उपटून डिसेंबरात गहू पेरणाऱ्यांना एवढी सवड नसते, ते मान्य.

दुसरं म्हणजे पांभरीने किंवा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने ओळीत पेरा, २० ते २२ सेंमी अंतर, उशिराच्या गव्हाला १८. फेकून पेरलेल्या गव्हात कोळपं चालत नाही, निंदायला बसलेल्या बाया गहूच तुडवतात. बियाणं वेळेवर पेरलं तर हेक्टरी १०० किलो, उशीर झाला तर १२५. विरळ गहू म्हणजे तणाला दिलेलं आमंत्रणच.

४. पेरल्या पेरल्या मारायचं औषध मारू का?

पेंडीमेथालिन ३० टक्के ईसी (पाण्यात मिसळणारं तेलकट द्रव) म्हणताय. चांगलं आहे, पण ते उगवणाऱ्या बियांवर काम करतं, उगवून आलेल्या तणाला काही करत नाही. पेरणीनंतर ३ दिवसांच्या आत, हेक्टरी ३.३ लिटर (भारी जमिनीत ५ लिटरपर्यंत), म्हणजे एकरी साधारण १.३ ते २ लिटर, २०० लिटर पाण्यात. जमिनीत ओल पाहिजे आणि ढेकळं नकोत. ढेकूळ फुटलं की आतली कोरी माती वर येते आणि तिथून तण डोकं काढतं.

आपल्या काळ्या जमिनीत अडचण अशी की कोरड्यात पेरून सारे (बांध घातलेले लांब वाफे) पाण्याने भरले तर तिसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत रुततो, आत जायचं कसं? म्हणून हे औषध वापशावर पेरणाऱ्यांसाठी ठीक, किंवा ज्यांच्याकडे तुषार आहे त्यांनी फवारून वरून हलकं पाणी द्यावं. बाकीच्यांनी हा नाद सोडून सरळ पुढचा प्रश्न वाचावा.

५. "भाऊ, गहूमा तन भलतं व्हई गयं, काय फवारू?"

हा मेसेज असाच्या असा येतो. आधी दोन गोष्टी सांगा, गहू किती दिवसांचा आणि तण रुंद पानाचं का गवत.

गहू ३० ते ३५ दिवसांचा आणि तण दोन ते चार पानांवर असताना फवारणी सगळ्यात चांगली बसते.

रुंद पानाचं असेल तर मेटसल्फ्युरॉन मिथाईल २० टक्के डब्ल्यूपी (पाण्यात भिजणारी पावडर), एकरी फक्त ८ ग्रॅम (हेक्टरी २०). सोबत चिकटद्रव्य येतं ते टाकायचंच. खान्देशातल्या दहातल्या आठ वावरांना माझ्या मते एवढं पुरतं.

दुसरा पर्याय २,४-डी अमाईन सॉल्ट ५८ टक्के, एकरी साधारण ३५० ते ५०० मिली. स्वस्त आहे, चाकवत मुरगळून पडतो, बघायला मजा येते. पण आपल्या भागात मी ते सहसा सांगत नाही, का ते प्रश्न ९ मध्ये.

गवतवर्गीय असेल, म्हणजे खरंच गुल्लीदंडा किंवा जंगली ओट, तर क्लोडिनाफॉप १५ टक्के डब्ल्यूपी एकरी १६० ग्रॅम. हे रुंद पानाच्या तणाला हातही लावत नाही. चाकवताच्या वावरात क्लोडिनाफॉप मारून "डुप्लिकेट निघालं" म्हणून दुकानात भांडणारे दर वर्षी भेटतात.

दोन्ही प्रकार असतील तर क्लोडिनाफॉप १५ + मेटसल्फ्युरॉन १ टक्का असं तयार मिश्रण मिळतं, एकरी १६० ग्रॅम, किंवा सल्फोसल्फ्युरॉन ७५ टक्के डब्ल्यूजी एकरी साडेतेरा ग्रॅम, पण हे घेण्याआधी प्रश्न १५ वाचा. डब्यावर गहू लिहिलेलं आहे का ते बघा आणि पक्कं बिल घ्या. मिरचीचं उरलंय, कापसाचं पडून आहे, तेच गव्हाला मारू का, याचं उत्तर नाही.

६. ८ ग्रॅमची पुडी आणि बारा पंप. एवढंसं वाटायचं कसं?

चिमटीने टाकतात लोक! पहिल्या पंपात जास्त, शेवटच्यात नुसतं पाणी, मग वावरात पट्टे दिसतात, एका बाजूला गहू पिवळा आणि दुसऱ्या बाजूला चाकवत हिरवागार.

सोपी रीत अशी. १६ लिटरचा पंप धरला तर एकराला १२ पंप. एका कॅनमध्ये १२०० मिली पाणी मोजून घ्या, त्यात पूर्ण पुडी रिकामी करा, पुडीत थोडं पाणी घालून तीही खळबळून ओता, काडीने ढवळा. पंपात अर्धं पाणी, मग कॅनमधलं १०० मिली, मग चिकटद्रव्याचा बारावा हिस्सा, मग उरलेलं पाणी. प्रत्येक वेळी १०० मिली काढायच्या आधी कॅन हलवायचा कारण पावडर खाली बसते. १०० मिलीचं माप नसेल तर लहान मुलांच्या औषधाच्या रिकाम्या १०० मिली बाटलीने जमतं, फक्त ती बाटली परत घरात आणायची नाही.

एक पंप सव्वातीन गुंठ्यांत संपला पाहिजे. आधी नुसतं पाणी भरून चालून बघा. आमच्या पहिल्या वर्षी सालदार इतका झपझप चालला की एकर सात पंपांत उरकला, आणि मी वर त्याचं कौतुक केलं. तण आठवड्याने पुन्हा टवटवीत.

७. आधी पाणी की आधी फवारणी?

आधी पाणी. पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना. त्याच पाण्यावर तणही उगवून येतं. मग वापसा आला, पाय रुतत नाही पण माती ओलसर आहे, तेव्हा फवारा. कोरड्या भेगाळ जमिनीत तण सुकलेलं असतं, औषध ओढून घेत नाही. फवारल्यावर तीन-चार दिवस सारे भरू नका. लाईटचं वेळापत्रक रात्रीचं आहे, पाटाचं आवर्तन कधी सुटेल भरवसा नाही, हे सगळं मलाही माहीत आहे, तरी क्रम हाच.

८. नोझल कोणतं?

पंख्यासारखा सपाट फवारा पडणारं, फ्लॅट फॅन. किडीच्या औषधाचं गोल फवारा उडवणारं नाही, त्याचं धुकं होतं आणि वाऱ्यावर जातं. नोझल गुडघ्याच्या उंचीला धरा, डावी-उजवी झाडू मारल्यासारखं हलवू नका. सकाळी दव उतरल्यावर सुरू करा, वारा सुटला की बंद.

९. शेजारी कापूस उभा आहे, २,४-डी चालेल का?

नाही. ढगाळ असो, वारा पडलेला असो, शेजारी सख्खा भाऊ असो, तरी नाही.

२,४-डीला कापूस भयंकर नाजूक आहे. जराशी झुळूक गेली तरी आठवड्यात शेंड्याची पानं अरुंद होऊन बोटं पसरलेल्या पंजासारखी, भेंडीच्या पानासारखी दिसायला लागतात, पात्या गळतात. आपल्याकडे फरदडचा (मुख्य वेचण्या झाल्यावरही न उपटता ठेवलेला) कापूस डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभा असतो आणि नेमकी तीच गव्हातल्या फवारणीची वेळ. नंदुरबारकडे मिरची, शहाद्याकडे पपई, कुठे हरभरा, कुठे टोमॅटो, ही सगळी रुंद पानाचीच पिकं. ईथाईल ईस्टर प्रकार तर आणखी वाईट, त्याची वाफ होऊन लांब जाते. म्हणून मेटसल्फ्युरॉन, तेही वारा नसताना, आणि शेजारच्या बाजूच्या दोन-तीन ओळी खुरप्याने.

दुसरा धोका पंपाचा. माझाच किस्सा, २,४-डी मारलेला पंप दोनदा पाण्याने खळबळला आणि नंतर त्यातूनच मिरचीवर थ्रिप्सचं औषध मारलं. चौथ्या दिवशी मिरचीचे शेंडे स्क्रूसारखे पिळले. मी आधी व्हायरस समजलो, दुकानात गेलो, तिथल्या माणसानेही व्हायरसचंच औषध दिलं, तेही मारलं. पंप आठवला तो पंधरा दिवसांनी. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर लाल रंगाने "तण" लिहा. नसेलच शक्य तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून रात्रभर भरून ठेवा, नळी आणि नोझलमधूनही सोडा, मग साध्या पाण्याने तीनदा.

१०. फवारल्यावर किती वेळ पाऊस नको?

चार ते सहा तास मोकळे मिळाले पाहिजेत. जानेवारीत अवकाळीचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबा, काही बिघडत नाही.

११. फवारल्यानंतर गहू पिवळा पडला, मेला का?

मेटसल्फ्युरॉन, सल्फोसल्फ्युरॉन, क्लोडिनाफॉप, तिघांनीही कधी कधी आठ-दहा दिवस हलका पिवळेपणा येतो आणि मग गहू सावरतो. घाबरून लगेच टॉनिकांचा मारा करू नका. पट्ट्यापट्ट्याने पिवळं असेल तर प्रश्न ६ मधली चूक आहे. ओंब्या वाकड्या निघाल्या, पानाच्या गुंडाळीत अडकल्या, तर समजा २,४-डी फार लवकर किंवा फार उशिरा मारलं गेलं. त्याला नंतर इलाज नाही.

१२. क्लोडिनाफॉप आणि २,४-डी एकाच पंपात टाकले तर एका फेऱ्यात काम होईल?

होणार नाही. २,४-डीमुळे क्लोडिनाफॉपची ताकद कमी होते, चाकवत मरतो आणि गवत तसंच राहतं. आठवड्याभराचं अंतर ठेवून वेगवेगळं मारा, नाहीतर प्रश्न ५ मधलं तयार मिश्रण घ्या. माव्याचं औषध, युरिया, सूक्ष्म अन्नद्रव्यं हेही तणनाशकात कालवू नका. भेळ नाही ती.

१३. लव्हाळा आणि हरळी गव्हात मरतच नाही, काय करू?

उभ्या गव्हात त्यांच्यावर भरवशाचं काही नाही, हे सरळ सांगतो. वर सांगितलेली औषधं त्यांना पुरत नाहीत. लव्हाळ्याच्या गाठी खाली असतात, वरचं पान जळलं तरी गाठ परत फुटते. थंडीत तो तसाही मंद असतो.

त्याचा खरा काळ एप्रिल-मे. गहू निघाला की खोल नांगरट, गाठी आणि हरळीच्या काड्या वर येऊ द्या, आणि आपलं ४३-४४ डिग्रीचं ऊन फुकट मिळतंय ते वापरा. काड्या वेचून बांधावर टाकू नका, पहिल्या पावसात तिथूनच परत वावरात येतात. वेचून जाळा. ग्लायफोसेट (हिरवं दिसेल ते सगळं मारणारं तणनाशक) उभ्या गव्हावर गेलं तर तणासोबत गहूही गेला, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याच्या वापरावर तसंही बंधन घातलंय.

१४. गव्हात मोहरीच्या ओळी आहेत, मग?

मग रुंद पानाचं कोणतंच तणनाशक नाही, मोहरी पण रुंद पानाचीच. हरभऱ्याच्या ओळी असतील तरी तेच. निंदणी किंवा कोळपणी. बांधावरची तूर, एरंडी विसरू नका.

१५. गव्हानंतर चाऱ्याला मका किंवा ज्वारी टाकायची आहे, अडचण येईल?

सल्फोसल्फ्युरॉन मारलं असेल तर येईल. त्याचा अंश जमिनीत राहतो आणि मका-ज्वारी त्याला नाजूक, रोपं उगवून खुरटतात. ही औषधं विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कलीकडे झुकणाऱ्या) जमिनीत आणखी हळू विरतात, आणि आपल्या काळ्या जमिनी बहुतेक तशाच. गुरांसाठी उन्हाळी चारा करायचाच असेल तर गव्हात सल्फोसल्फ्युरॉन नको. मेटसल्फ्युरॉनही "एक पुडी जास्त टाकू, चांगलं मरेल" असं करू नका, जास्तीचं पुढच्या कडधान्याला भोवू शकतं. कोणत्या वावरात काय मारलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मे महिन्यात आठवत नाही.

१६. दर वर्षी मारतो तरी तण येतंच. बी येतं कुठून?

अर्धं तुम्हीच आणता. कच्चं शेणखत, ज्यात गुरांनी खाल्लेल्या तणाचं बी जिवंत असतं, ते पूर्ण कुजवूनच टाका. ठेलाऱ्यांच्या (फिरत्या मेंढपाळांच्या) मेंढ्या वावरात बसवतात, खत सोन्यासारखं, मी पण बसवतो, पण लेंड्यांतून बी येतं, म्हणून तिथे प्रश्न ३ मधली ओलवून मोडायची पाळी नक्की द्या. पाटाच्या पाण्याने वरच्या वावरातलं बी खालच्या वावरात येतं. पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीत (बंधाऱ्याच्या पाण्यावर शेतकऱ्यांनी मिळून भिजवायचे जमिनीचे गट) अख्ख्या फडात एकच पीक असतं, तिथे एकाने चारीतलं तण पिकू दिलं की खालचे सगळे भोगतात. आणि घरचं बियाणं चाळून घ्या.

एकच औषध वर्षानुवर्षं मारणंही वाईट. हरियाणात आयसोप्रोट्युरॉन इतकं वापरलं गेलं की १९९० च्या दशकात गुल्लीदंडा त्याला दाद देईनासा झाला.

१७. औषध मारायचंच नाही, आणि निंदायला बाया मिळत नाहीत. मग?

सायकल कोळपं घ्या. २०-२५ दिवसांनी एकदा आणि ३५-४० दिवसांनी दुसऱ्यांदा, ओळींमधलं तण निघतं, मातीही मोकळी होते. ओळीतलं मात्र राहतं, ते खुरप्याने. एकर-दोन एकर घरच्या माणसांवर होतं. दहा एकर असेल तर मला नाही वाटत जमेल.

१८. पन्नास-पंचावन्न दिवस झाले, गहू पोटरीत आहे (ओंबी अजून पानाच्या गुंडाळीत), आता मारू का?

नको. कांडी धरल्यानंतरची फवारणी गव्हालाच लागते. मोठे चाकवत आणि गाजर गवत फूल-बी धरायच्या आधी हाताने उपटून बाहेर काढा, ते पुढच्या वर्षासाठी. या वर्षाचं नुकसान होऊन गेलंय.

१९. गाजर गवतावर भुंगा सोडतात ना, तो गव्हात चालेल?

मेक्सिकन भुंगा, भारतात १९८४ मध्ये सोडला गेला. तो पावसाळ्यात काम करतो, थंडीत जमिनीत जाऊन बसतो, म्हणजे गव्हाच्या हंगामात त्याची आशा नको. पडीक जागेत, बांधावर पावसाळ्यात सोडा. हे गवत १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं, परदेशी गव्हासोबत आलं असं जुनी माणसं सांगतात, आणि आता गव्हालाच छळतंय. उपटताना हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते ती महिनाभर जात नाही.

२०. आई म्हणते चाकवत मारू नका, भाजी होते. फवारलेल्याची चालेल का?

फवारलेल्याची अजिबात नाही, गुरांनाही तो घालायचा नाही. पहिल्या आठवड्यात पान ताजंच दिसतं म्हणून फसायला होतं. आमच्याकडे तोडगा असा की विहिरीजवळचे दोन सारे फवारायचेच नाहीत, कोपऱ्यावर तुराट्या रोवून खूण केलेली असते. तिथला चाकवत घरच्या बाया कोवळा असतानाच खुडतात, ताक घालून पातळ भाजी होते, आणि त्या दोन साऱ्यांची निंदणीही त्यातच उरकते.